वाचक विचारतात: लाटांवर चालवायला कयाक कोणती घ्यावी?

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून कयाकविषयी बरीच पत्रं आली. उजनीच्या बॅकवॉटरमध्ये वल्हं मारून झालेल्या मंडळींना आता कोकणात उतरून लाटांवर जायचं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

माझं वजन ७८ किलो, उंची ५ फूट ८ इंच. उजनीत मित्राची १२ फुटी, ३४ इंच रुंद कयाक चालवतो. ती अजिबात हलत नाही. तशीच घेऊन तारकर्लीच्या लाटांवर जायचा विचार आहे. दुकानदारही म्हणतो, जितकी रुंद तितकी सुरक्षित. बरोबर ना?
*(वाचक, जुळे सोलापूर)*

उजनीसाठी बरोबर, तारकर्लीसाठी नाही. रुंद आणि सपाट तळाची होडी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहू पाहते. पाणी आडवं आहे तोवर हा तिचा गुण. लाटेचा उतार तिरपा असतो, आणि अशी होडी त्या उताराइतकीच तिरपी होते. तुम्ही कंबरेने तिला सरळ करू गेलात तर ३४ इंच रुंदी दाद देत नाही. थोडी अरुंद कयाक सपाट पाण्यात जरा डुलते, पण लाटेत मांडीच्या जोरावर तिला हवी तेवढी कलती ठेवता येते. तुमच्या बांध्याला २८ ते ३१ इंच रुंदी पुरे.

लांबीचं गणित याहून महत्त्वाचं. कंबरभर उंचीची लाट फुटण्याआधी उभी राहते तेव्हा तिचा उतार जेमतेम दोन-तीन मीटरांचा असतो. १२ फूट म्हणजे साडेतीन मीटरहून जास्त. शेपूट लाटेच्या माथ्यावर आणि नाक पुढच्या खोलगट भागात, अशी त्या होडीची गत होते. नाक पाण्यात घुसतं, मागून लाट ढकलत राहते, आणि होडी गर्रकन आडवी होते किंवा नाकावर उभी राहून पालथी पडते. साडेआठ ते दहा फुटांची कयाक त्या उतारात मावते आणि वळतेही लवकर.

लांब होडीला वेग जास्त असतो, मग ती लाट आधी पकडेल, असं कुणी सांगेल. फरक किती, ते बघा. ९ फुटी होडी माणसाच्या जोरावर ताशी साधारण साडेसात किलोमीटरपर्यंत जाते, १२ फुटी साडेआठपर्यंत. मीटरभर खोल पाण्यात लाट मात्र ताशी ११ किलोमीटरने येते. म्हणजे दोन्हींना लाट उभी राहीपर्यंत थांबावंच लागतं. एवढ्याशा वेगासाठी तीन फूट जास्त प्लास्टिक घेऊन फुटत्या लाटेत शिरण्यात काही हशील नाही.

दुकानात कयाक सपाट फरशीवर ठेवायला लावा आणि बाजूने वाकून बघा. तळाला नाकापासून शेपटीपर्यंत जो बाक असतो त्याला रॉकर म्हणतात. नाकाचं टोक फरशीपासून वीतभर आणि शेपूट चार बोटं उचललेली असेल तर ती लाटेला चालेल. दोन्ही टोकं फरशीला टेकायला आली असतील तर ती तळ्यात सरळ रेषेत जाण्यासाठी केलेली होडी आहे. मग तिला पालथी करून तळावर हात फिरवा. मध्यभागी लांबलचक उंच कणा किंवा शेपटीखाली खोल, न निघणारा पंखा असेल तर नको. होडी लाटेवरून आडवी घसरते तेव्हा असा कणा पाण्यात रुततो आणि वळायला अडतो. मधला भाग बराचसा सपाट आणि कडा हाताला स्पष्ट लागणाऱ्या असाव्यात. उतारावर धरून ठेवतात त्या कडाच.

वजनक्षमतेच्या स्टिकरवर जाऊ नका. तो आकडा होडी तरंगण्याचा असतो, नीट चालण्याचा नाही. लाटांसाठी त्यातला दोनतृतीयांश हिशेबात धरा. तुम्ही आणि ओलं सामान मिळून ८५ किलो, म्हणजे १२५ ते १५० किलो क्षमतेची बघा. २०० किलोवाली घेतलीत तर ती पाण्यावर फार उंच राहील, वारा तिला ढकलेल आणि तुमच्या वजनाने कडा पाण्यात बसणार नाही. उलट कमी क्षमतेची घेतली तर बैठकीतल्या भोकांतून पाणी वर येईल आणि तुम्ही कायम डबक्यात बसाल.

मापाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, ओशन कयाक कंपनीची ‘फ्रेन्झी’ ९ फूट लांब, ३१ इंच रुंद आणि सुमारे २० किलोची आहे. हेच मॉडेल हवं असं नाही, पण समोरची होडी या मापापासून किती दूर आहे ते पाहिलं की निम्मी निवड होते. वजनाचं म्हणाल तर ओल्या वाळूतून शंभर पावलं एकट्याला नेता आली पाहिजे. २५ किलोच्या वरची होडी पहिल्या दिवशी उचलली जाते, दुसऱ्या दिवशी वाळूतून फरफटते आणि तळ झिजतो.

वर बसायची कयाक चांगली की आत पाय घालून बसायची? एका ओळखीच्यांकडे १६ फुटी जुनी सी-कयाक विकायची आहे. नावातच ‘सी’ आहे, तेव्हा समुद्रासाठी तीच योग्य असेल असं वाटतं.
*(वाचक, विजापूर रोड)*

सी-कयाक समुद्रातल्या लांब पल्ल्यासाठी असते, किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांत खेळण्यासाठी नाही. १६ फूट लांब आणि २२ इंचांच्या आसपास रुंद अशी ही होडी लाटेत एकदा आडवी झाली की नवशिक्याला सरळ करता येत नाही. उलटल्यावर होडीतून बाहेर न पडता रोल मारून सरळ होण्याचं कसब तिला लागतं.

आत बसायच्या कयाकमध्ये दोन अगदी वेगळ्या जाती आहेत आणि त्यांची गल्लत धोक्याची ठरते. खळाळत्या, फेसाळ नद्यांसाठीच्या आखूड, ८-९ फुटी कयाक लाटांवर फार सुरेख चालतात; कंबरेभोवती घालून होडीच्या तोंडावर ताणून बसवायच्या घट्ट स्कर्टमुळे पाणी आत येत नाही. पण उलटल्यावर रोल हवाच. कुंडलिकेवर कोलाडला किंवा गंगेवर हृषीकेशला कयाकिंग शिकवतात, तिथे हे शिकून आलात तर जरूर घ्या. दुसरी जात म्हणजे मोठ्या तोंडाची, खुर्चीसारखी बैठक असलेली तळ्यातली कयाक. तिच्यावर स्कर्ट टिकत नाही, आणि एक लाट आत आली की दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो वजन तुमच्यासकट किनाऱ्याकडे सुटतं. वाटेत कुणाचा गुडघा आला तर तो गेलाच. ही जात लाटांसाठी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

तुम्ही रोल शिकलेले नसाल तर उत्तर एकच: सिट-ऑन-टॉप, म्हणजे वर बसायची. आरपार भोकांतून पाणी आपोआप निघून जातं, उलटल्यावर तुम्ही आत अडकत नाही आणि पुन्हा चढता येतं. ही भोकं बंद करायचे बूच बरोबर मिळतात. ते उजनीत वापरा, लाटांत काढून ठेवा.

नवरा-बायको दोघांना आणि कधी आठ वर्षांच्या मुलाला घेऊन जाता येईल अशी जोडकयाक घ्यावी का?
*(वाचक, होटगी रोड)*

उजनीसाठी घ्या. लाटांसाठी नको. दोघांचं मिळून दीडशे किलो वजन, वर होडी. ती आडवी होऊन किनाऱ्याकडे सुटली की मागचा माणूस वल्ह्याने पुढच्याच्या डोक्यात मारतो, हा नेहमीचा अपघात. लहान मूल पुढे बसवून फुटत्या लाटेत जाऊच नये. अगदीच एकच होडी परवडत असेल तर ‘मलिबू टू’सारखी (१२ फूट, ३४ इंच) मधली बैठक असलेली बघा, म्हणजे एकट्यालाही चालवता येते. लांबी-रुंदीचे वर सांगितलेले तोटे मात्र तिलाही आहेत, तेव्हा गुडघाभर फेसापुढे तिला नेऊ नये.

आमच्याकडे दुचाकी आहे, गाडी नाही. हवा भरायची कयाक एसटीने नेता येईल. ती लाटांत चालेल का?
*(वाचक, अशोक चौक)*

फुटून आलेल्या पांढऱ्या फेसात, गुडघ्याच्या उंचीपर्यंत चालेल. त्यापुढे ती लाटेच्या उतारावर मधोमध वाकते, कडा धरत नाही आणि किनाऱ्याकडचा वारा तिला पानासारखी उडवतो. घ्यायचीच तर तळ उच्च दाबाचा, आतून धाग्यांनी विणलेला असावा. तो कडक होतो. नुसत्या फुग्यांचा तळ नको.

हवेबाबत एक सांभाळा. सोलापुरात सकाळी २५ अंशांत ३ पीएसआय हवा भरली आणि ती होडी दुपारी उन्हात ६० अंशांपर्यंत तापली तर आतला दाब ५ पीएसआयच्या आसपास जातो. शिवण सुटते ती अशी, आणि ती बहुधा कडेच्या फुग्याची सुटते. पाण्यातून बाहेर काढली की लगेच थोडी हवा सोडा. पाण्यात गेल्यावर ती थंड होऊन नरम पडते, तेव्हा छोटा पंप बरोबर ठेवून परत भरा.

कोकणातल्या एका रिसॉर्टच्या जुन्या सिट-ऑन-टॉप कयाक विकायला निघाल्या आहेत. घेताना काय तपासावं? तडा असेल तर सोलापुरात दुरुस्त होईल का?
*(वाचक, टेंभुर्णी)*

जुनी घ्यायला हरकत नाही. लाटांत शिकताना नवीन होडीवर ओरखडे पडताना जीव तुटतो, तो तरी वाचतो. पण रिसॉर्टच्या होड्या वर्षानुवर्षं उन्हात पडलेल्या असतात. आधी नखाने ओरखडा काढा. खडूसारखी पांढरी भुकटी निघाली आणि रंग अगदी विटलेला असेल तर उन्हाने प्लास्टिक ठिसूळ झालंय. अशी होडी बाहेरून धड दिसते आणि पहिल्या आपटीत फुटते.

मग शेपटीचा तळ. होडी नाकाकडून उचलून ओढत नेतात, त्यामुळे झीज तिथे होते. संध्याकाळी अंधार पडल्यावर झाकण उघडून आत मोबाइलचा टॉर्च ठेवा आणि बाहेरून बघा. पिवळ्या, केशरी होड्यांत झिजलेला भाग बाकीच्यापेक्षा उजळ दिसतो. काळ्या-निळ्या होडीत हे कळत नाही, तिथे अंगठ्याने दाबून बघा. आजूबाजूपेक्षा जास्त दबत असेल तर पातळ झालंय. आरपार भोकांच्या नळ्या तळाला जिथे जोडलेल्या असतात तिथला गोल जोड बोटाने चाचपा. तडे बहुधा तिथे आणि बैठकीखाली जातात.

गळती कळायला ड्रेनच्या (आत साचलेलं पाणी काढायच्या) भोकातून दोन बादल्या पाणी आत ओता, बूच लावा, बाहेरून फडक्याने कोरडी करा आणि होडी चारही बाजूंना कलती करत पाच-पाच मिनिटं थांबा. पाणी आतून बाहेर पाझरताना स्पष्ट दिसतं. ओतण्याआधी वजन करा. कंपनी २० किलो म्हणते आणि काटा २४ दाखवतो, तर आत चार लिटर पाणी आहे किंवा फोमने पाणी धरलंय. लाटांत हे आतलं पाणी एका बाजूला धावतं आणि होडी विनाकारण उलटू लागते. चालवणारा बिचारा आपल्याच तोलाला दोष देत बसतो.

दुरुस्तीचं म्हणाल तर कयाक आणि घरावरच्या पाण्याच्या टाक्या एकाच रोटोमोल्डिंग पद्धतीने बनतात. टाक्या वेल्डिंग करणारा कारागीर साध्या पॉलिथिलीनच्या कयाकचा तडा जोडू शकतो. तड्याच्या दोन्ही टोकांना ३-४ मिलिमीटरचं भोक पाडायला सांगा, नाहीतर तडा पुढे सरकतो. मग त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून भरायची. एम-सील किंवा अरल्डाइट पॉलिथिलीनला धरत नाही. कुणी ते लावून ‘दुरुस्त’ केलेली होडी दाखवली तर त्याखाली काय आहे ते खरवडून बघा. क्रॉसलिंक जातीचं पॉलिथिलीन असेल तर वेल्डिंगच होत नाही, हे आधी विचारून घ्या. आणि तडा भोकाच्या नळीच्या जोडावर असेल तर सौदा सोडा. तिथलं वेल्डिंग लाटेच्या ताणाने पुन्हा उघडतं.

कयाक घेतली. आता वल्हं, जॅकेट वगैरे काय घ्यावं? बजेट संपत आलंय.
*(वाचक, अक्कलकोट रोड)*

बजेट कयाकवरच संपवणं ही जवळजवळ सगळ्यांची गत. एकूण पैशांतला चौथा हिस्सा तरी सामानाला ठेवावा, आणि नसेल तर कयाक एक पायरी स्वस्त घ्यावी.

सर्वांत आधी जॅकेट. फोमचं, ५० न्यूटन तरंगशक्तीचं, खांद्याला मोकळं असलेलं घ्या. लेबलवर आयएसओ १२४०२-५ लिहिलेलं असतं. गॅसची नळी फुटून आपोआप फुगणारं जॅकेट लाटांत पहिल्याच शिंतोड्याला फुगून बसतं. बोटींवर मिळणारं गळ्यात अडकवायचं जाड केशरी जॅकेटही वल्हं मारताना वर सरकतं. दुकानात सगळे पट्टे आवळून मित्राला खांद्याकडून जोरात वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर गेलं तर साइझ चुकली. जॅकेटबाबत उजनीतही सवलत नाही. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी मार्गावरची प्रवासी बोट वादळी वाऱ्यात तिथे उलटली आणि सहाजणांचा जीव गेला.

दुसरं, मांडीचे पट्टे. दुकानदार हे सांगत नाहीत, कारण तळ्यात ते लागत नाहीत. लाटेत पट्टे नसतील तर तुम्ही होडीवर बसलेले नुसते सामान आहात. होडी एकीकडे जाते, तुम्ही दुसरीकडे. दोन्ही बाजूंना पुढचा हूक पावलांपाशी आणि मागचा कंबरेच्या मागे, असे चार हूक लागतात. होडीला कड्या नसतील तर ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या कड्या, आतून रबरी वॉशर आणि मोठी चकती देऊन बोल्टने बसवून घ्या. नुसते स्क्रू प्लास्टिकमधून उपटून येतात, आणि सिलिकॉन सीलंट पॉलिथिलीनवरून सोलून निघतं. पट्टा मांडीवरून जावा, पिंढरीत अडकू नये. गुडघे जवळ आणले की पाय आपसूक सुटले पाहिजेत.

हेल्मेट पाण्याच्या खेळाचं, भोकांचं. मोटारसायकलचं वापरू नका. त्यात पाणी भरतं आणि लाट मानेला हिसका देते. वल्हं ३० इंचांच्या आसपास रुंद होडीला २१० ते २२० सेंटीमीटर. ॲल्युमिनियमचा दांडा स्वस्त पडतो आणि शिकायला चालतो, फक्त पातं फायबरमिश्रित प्लास्टिकचं असू द्या, लवचिक पातं फेसात ऐन वेळी वळतं. वल्ह्याला बांधायची दोरी लाटांत काढून टाका. ती गळ्याला, मनगटाला गुंडाळते. उंच पाठीची गादीवाली सीटसुद्धा काढा आणि कमरेचा बसका पट्टा लावा. मागे झुकायची वेळ येते तेव्हा उंच पाठ आड येते.

कोकणातलं पाणी उबदार असतं, वेटसूट लागत नाही. सुती कपडे नकोत, बंद बूट हवेत.

लाटांत जाण्यापूर्वी उजनीत कोणता सराव करावा? आणि कोकणात जागा-वेळ कशी निवडावी?
*(वाचक, मोहोळ)*

उजनीत लाटा शिकता येत नाहीत, उलटणं शिकता येतं. छातीभर पाण्यात, जोडीदाराला बाजूला उभं करून मुद्दाम उलटा. पट्टे डोळे मिटून सोडवा. होडी सरळ करा, पोटावर आडवे पडा, पाय हाणत छाती पलीकडच्या कडेपर्यंत न्या, मग पाठीवर वळून बैठकीत बसा आणि शेवटी पाय आत. दोन्ही बाजूंनी, दमल्यावरही जमलं पाहिजे. समुद्रात तुम्ही दमलेलेच असणार. नंतर लो-ब्रेस घोटा: होडी कलंडू द्या आणि वल्ह्याच्या पात्याची पाठ पाण्यावर आपटून तोल परत मिळवा. कोपर अंगाजवळ, मनगट कोपराच्या खाली. हात डोक्यावर ताणून वल्हं टेकवलं तर खांदा निखळतो. पाण्यात मासेमारीची जाळी असतात, ती बघून जागा निवडा, पाटबंधारे खात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारून मगच उतरा, आणि दुपारचा वारा सुटण्याआधी बाहेर या.

कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. पावसाळ्यात नाही, त्या काळात जलक्रीडा बंदच असतात. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या रात्री बघा. अर्धा ते पाऊण मीटर उंची शिकायला पुरेशी. मीटरभर उंची आणि दोन लाटांत दहा सेकंदांहून जास्त अंतर दिसलं की समजा लाटेत जोर आहे, त्या दिवशी किनाऱ्यावरून बघा.

तिथी अष्टमीच्या आसपासची धरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, ओढ जास्त. अष्टमीला भांगाची भरती, पाण्याची ये-जा कमी. भरतीच्या वेळेचा कोकणातला जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा आहे: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. मालवण-रत्नागिरीकडे ती थोडी आधी येते, म्हणून नेमकी वेळ तक्त्यात बघा. पूर्ण भरतीला बऱ्याच पुळणींवर लाट थेट काठाच्या चढावर आदळते. अशा वेळी उतरू नका.

लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीत फुटते. पाऊण मीटरची लाट मीटरभर पाण्यात, म्हणजे तुम्ही उभे राहू शकता तिथे. माथ्यावरून फेस हळूहळू ओघळणारी लाट हवी, नळीसारखी वळून धाडकन पडणारी नको. देवबागच्या संगमासारखी खाडीची मुखं टाळा. गणपतीपुळ्याला पर्यटक बुडण्याच्या घटना वारंवार होतात, तिथे हा खेळ नकोच. किनारा कोणताही असो, आधी जीवरक्षकाला किंवा जाळी विणत बसलेल्या कोळीबांधवांना विचारा. त्यांनी नको म्हटलं तर गाडीवरून होडी उतरवूही नका. लाटा फुटत असताना मध्येच एक गढूळ, शांत पट्टा दिसला तर ती समुद्रात खेचणारी ओढ आहे. आंघोळीच्या गर्दीपासून दूर जा. तुमची होडी लोकांच्या अंगावर गेली तर तुम्ही थांबवू शकत नाही.

आत जाताना नाक लाटेला काटकोनात ठेवा, पुढे झुका, वल्हं मारणं थांबवू नका. थांबणारा माणूस हमखास मागे फेकला जातो. बाहेर येताना शेपूट उचललेली जाणवली की चार-पाच जोरदार वल्ही, मग मागे झुका आणि वल्हं मागे टेकवून दिशा धरा. थोड्या वेळात होडी आडवी होणार, ती सगळ्यांचीच होते. त्या क्षणी अंग लाटेकडे, समुद्राच्या बाजूला झुकवायचं आणि लो-ब्रेस फेसावर ठेवायचा. मन किनाऱ्याकडे झुकायला सांगतं. तसं केलं की खालची कड पाण्यात रुतते आणि एका झटक्यात पालथे होता.

पडलात तर कयाकच्या समुद्राकडच्या बाजूला राहा. किनारा आणि होडी यांच्या मध्ये कधीही उभे राहू नका. होडी टोकाच्या मुठीला धरा. भोकांत बोटं घालून धरलीत आणि ती फिरली तर बोटं मोडतात.

सोलापूरच्या उन्हाळ्यात कयाक गच्चीवर ठेवली तर चालेल का? गाडीवर कशी न्यावी?
*(वाचक, सात रस्ता)*

गच्चीवर उघडी ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंश हवा असते, तापलेला स्लॅब त्याहून कितीतरी जास्त. पॉलिथिलीन नरम पडून ज्यावर टेकलेलं असेल त्याचा आकार घेतं, तळाला खळगे पडतात. खळगा पडलाच तर होडी त्याच उन्हात पालथी ठेवा, वरून गरम पाणी ओता आणि आतून हळूहळू दाबा, बराचसा निघतो. जिन्याखाली किंवा सावलीच्या बाजूला, कडेवर उभी करून, दोन रुंद पट्ट्यांवर टांगलेली उत्तम. पट्टे दोन्ही टोकांपासून साधारण चौथ्या हिश्श्यावर यावेत. झाकणं उघडी ठेवा, आतली हवा तापून फुगते.

गाडीवर पालथी, आडव्या दांड्यांवर. दांड्यांखाली घरातली जुनी चादर घालायचा मोह होतो, पण सुती चादर सरकते आणि तिच्यात अडकलेली वाळू साडेतीनशे किलोमीटर होडी घासत राहते. पाइपवर चढवायचा काळा फोम घ्या. दोन कॅम-बकल (हाताने ओढून घट्ट करायचे) पट्टे होडीवरून आणि एकेक दोरी नाक-शेपटीकडून बंपरखालच्या हुकांना. पट्ट्याला अर्धा पीळ दिला की हवेत तो गुणगुणत नाही. दात्यांच्या रॅचेट पट्ट्याने आवळू नका, उन्हात होडी चेपते. मिरजेला चहाला थांबाल तेव्हा पट्टे तपासा आणि आंबा घाटाआधी पुन्हा एकदा. वळणांवर सैल पट्टा असेल तर होडी नाकाने डोलू लागते. परतीला निघण्याआधी गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः कड्या, बकल आणि ड्रेनचं बूच. बुचाच्या आट्यांत मीठ बसलं की पुढच्या सहलीत ते पक्कडीनेही निघत नाही.